एलोजी मिस्त्रींचा एकच प्रश्न

एलोजी मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात डोकावत. घरातल्या माणसांची खुशाली नंतर. गोठ्यात कालवड दिसली, की घरातलं सगळ्यात जुनं माणूस हुडकून काढत, त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि विचारत, "तुमच्या लहानपणी गाय कितव्या वर्षी वियायची?" उत्तर काहीही येवो, पुढचा प्रश्न ठरलेला असे. "आणि हे असं कवापासून?"

गाईगुरांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते सुतार. अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाच्या कापसाची आठवण झाली. त्या धामधुमीत कापसाचे गठ्ठे दाबायची मोठमोठी लाकडी यंत्रं अकोल्यात उभी राहिली. ती बांधायला एलोजी कोकणातून आले आणि मोडली की दुरुस्त करायला इथंच राहिले. मी त्या यंत्रावर कारकून होतो. त्यांची खोली आमच्या घराला लागून होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दाराच्या चौकटीला एक बोटभर नळी ठोकलेली होती, आत त्यांच्या ग्रंथातलं वचन. येता-जाता तिला हात लावून तो हात ते ओठांना लावत.

मिस्त्री बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या आळीला हे प्रकरण नवं. शनिवारी ते हत्याराला शिवत नसत, चूल पेटवत नसत, आदल्या दिवशीचं गार जेवत. आळीनं आपल्या अकलेनं ठरवून टाकलं, की मिस्त्रींना साडेसाती आहे. एका शनिवारी माझी आई वाटीभर तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिली.

"शनी लय बेकार, मिस्त्री. हे मारुतीले वाहून या."

"आजी, मी त्याला भीत नाय. आमचा देव त्या दिवशी विसावला, म्हून आमी विसावतो."

"तुमचा देव थकते?" आईनं काळजीनं विचारलं.

मिस्त्री खो खो हसले. तेल मात्र ठेवून घेतलं, आणि रविवारी ते यंत्राच्या मळसूत्राला लागलं.

गाईचं खूळ काय आहे, ते मी एकदा न राहवून विचारलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला.

"आमच्या जुन्या ग्रंथात लिवलंय, तीन वर्षांच्या आत गाय वीत नाय. पहिलं वासरू देवाचं, म्हून गाय आधी व्याली असंल का, हे बघावं लागायचं. पुढं शेकडो वर्षांनी, दुसऱ्या मुलखात, आमच्या पंडितांनी बघितलं तर दोन वर्षांची गाय वासराला चाटतेय. आता काय करशील? ग्रंथ खोटा म्हणशील?"

"नाही बा."

"वासरू खोटं म्हणशील?"

"ते कसं म्हनता येईन?"

"मग पंडित म्हणाले, सृष्टी पालटली. लिवणाऱ्यानं त्याच्या वेळचं खरं लिवलं, आपुन आपल्या वेळचं खरं बघतो. दोघांची अब्रू राहिली!" मग त्यांचा आवाज उतरला. "पण कवापासून पालटली, ते कोणी नीट लिवलं नाय. मुलखामुलखात वेगळ्या वेळी पालटते म्हणतात. आपल्या इकडं कवा पालटली?"

वऱ्हाडानं त्यांची चांगलीच पंचाईत केली. इथली गाय चौथ्या-पाचव्या वर्षी वियायची. म्हणजे सृष्टी पालटली असलीच तर उलट्या अंगानं! मिस्त्री दोन दिवस भेटेल त्या म्हाताऱ्याला पुन्हापुन्हा तेच विचारत राहिले. पुढे अमरावतीला एक यंत्र दुरुस्त करायला गेले, ते परतले तेव्हा चेहरा नुसता उजळलेला. डोक्यावरचं पागोटंही न काढता त्यांनी मला हाक मारली. नांदगावच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, की कापूस एवढा वाढलाय की सरकीला तोटा नाही, आणि सरकी खाऊन कालवडी वर्षभर आधीच गाभण राहतायत.

"मी विचारलं, कवापासून? तो म्हणाला, यंदापासून! बापूराव, डोळ्यांदेखत पालटते ती!"

मी पोट धरून हसलो आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या बाजाराला ही गंमत सांगितली. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

त्याच वर्षी माझी बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. शनिवार होता, भर दुपार. मुलगी झाली. एवढीशी, रडणंही धड ऐकू येईना. सारजा सुईणीनं तिला सुपात ठेवलं आणि ती बाळंतिणीकडे वळली. आई तोंडाला पदर लावून बाहेर आली.

"सातमाशी असती तं राह्यली असती," ती ओट्यावर बसलेल्या मिस्त्रींना म्हणाली. "आठमाशी पोर रायत नाही. सारजा म्हनते, हात नका लावू, सुखानं जाऊ द्या तिले."

मिस्त्री ताडकन उठले. दाराबाहेर उभं राहून त्यांनी सूप मागितलं. आईनं ते का दिलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. मला त्यांनी यंत्रावर पिटाळलं. विलायतेला जायचा, सरकी काढलेला कापूस मी कवेत भरून आणला. परत येऊन पाहतो तर मिस्त्री स्वतः शेगडी फुंकत होते. डोळे लाल, दाढीत राख.

"मिस्त्री, आज शनवार हाय," मी म्हणालो.

"ही दगड नाय, बापूराव," ते म्हणाले. मला काही अर्थबोध झाला नाही.

पोरीला त्यांनी कापसात गुंडाळलं आणि शेगडीची धग लागेल असं निजवलं. आई कापसाच्या वातीनं तिच्या ओठांवर दूध टिपत राहिली. असे किती दिवस गेले ते आता आठवत नाही. पण मुलगी राहिली.

बाराव्या दिवशी बारसं करायची आमची हिंमत झाली नाही, सव्वा महिन्यानं केलं. मिस्त्री आले, आणि गोठ्यात न डोकावता सरळ आत आले. पाळण्याशी सारजा बसली होती. तिच्यापुढे ते उकिडवे बसले.

"तुमच्या हातची जगलेली आठमाशी, ही पहिलीच ना?"

"पयलीच."

"याच्या आधी एकपण नाय?"

"लय झाल्या. एकबी नाही राह्यली."

मिस्त्रींनी डोळे मिटले. इतका सुखावलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "म्हंजे आता पालटली," ते पुटपुटले. "आत्ता. आधी नाय."

सारजा सरळ बाई. ती म्हणाली, "काय पालटलं? आधीच्याईले शेकलं कोनं? जानारच हाय म्हनून आमी तशाच सुपात ठेवत होतो."

मिस्त्रींनी पाळण्याची दोरी हातात घेतली. मग हलक्या आवाजात, जणू पाळण्यालाच सांगावं तसं सांगू लागले.

"माझी पण आठमाशीच होती. शनवारीच झाली. बायको म्हणाली, शेगडी पेटवा. पण आमच्या गुरुजींनी शिकवलेलं, जुन्या ग्रंथात आहे, आठमाशी मूल म्हंजे दगड, शनवारी हलवू नये. मी नाय हलवलं. तीन चांदण्या दिसल्या, शनवार सरला, तवा विस्तव केला. तोवर गार झालेली. पुढं मुंबईत आमच्याच धर्माचा एक बगदादी पंडित भेटला. तो म्हणाला, अरे, सृष्टी कवाच पालटली, आठमाशी जगतात, त्यांच्यासाठी शनवार मोडायचा असतो. मी विचारलं, कवापासून? त्याला सांगता नाय आलं. मला वाटायचं, माझ्या पोरीच्या नंतर पालटली असंल."

एवढी वर्षं हा माणूस गाईंच्या आडून काय विचारत फिरत होता, ते मला तेव्हा कळलं.

"नाव काय होतं तिचं?" आईनं विचारलं.

"नाव ठेवायपर्यंत कुठं राहिली!"

आईनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम फर्मान सोडलं. "आमच्या बापूले बहीण नाही. कानात नाव सांगाले आत्या पायजे. मिस्त्री, उठा, तुमी सांगा."

बायकांत खसखस पिकली. दाढीवाली आत्या कोणी पाहिली नव्हती. "काहून हासता वं?" आई कडाडली.

मिस्त्रींनी पागोटं सारखं केलं आणि ते पाळण्यावर वाकले. कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडे रीत आहे, पण एकीचाही हात उठला नाही. आम्ही ठरवलेलं नाव होतं रमा. दोन अक्षरं सांगायला असा कितीसा वेळ लागतो? मिस्त्री मात्र बराच वेळ तिच्या कानाशी बोलत होते, आणि आम्ही कोणी त्यांना घाई केली नाही.