उस्तादांच्या छातीतला पोचा

कुठल्याही गाडीचा कुठलाही पोचा आपण काढू शकतो, याबद्दल उस्तादांना तिळमात्र शंका नव्हती. खांबाला धडकलेलं बॉनेट असो की ट्रकने घासलेलं दार, उस्ताद त्यावरून हात फिरवत म्हणायचे, "संध्याकाळी घेऊन जा!" एकच पोचा चाळीस वर्षं त्यांना दाद देत नव्हता, कारण तो त्यांच्याच छातीत होता! जन्मापासूनचा, बरोबर मधोमध, आणि लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही एवढा खोल.

तो त्यांनी जिवापाड लपवला होता. त्यात लेकीच्या पोहण्याच्या वर्गाने रविवारी बाप-लेकरांची शर्यत ठेवली. तलावात शर्ट चालत नाही!

"बाबा, तू उतरणार ना?"

"म्हणजे काय!" उस्ताद बोलून बसले, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांपुढे जाऊन बसले. हृदय, फुप्फुसं, सगळं तपासलं. ठणठणीत!

"उपाय आहेत," डॉक्टर म्हणाले. "व्यायामाने खांदे ताठ होतील, पण हाड हलणार नाही. ऑपरेशन करून छातीच्या हाडाखाली स्टीलची पट्टी घालतात, ती दोन-तीन वर्षं आत राहते. शिवाय हवा ओढणारा कप असतो. छातीवर लावायचा, पंपाने हवा काढायची, हाड हळूहळू वर येतं. पण तो लहान वयात जास्त उपयोगी."

उस्तादांचे डोळे चमकले. "अहो, हे तर आमचंच काम!"

"त्याला महिनोन् महिने लागतात. दाब किती आणि किती वेळ, ते आम्ही ठरवतो. आणि तुम्हाला त्रास नाही, तर काहीच न करणं हाही उपायच आहे."

हे शेवटचं उस्तादांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ते मनातल्या मनात पंप मारत होते.

शनिवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून त्यांनी पोचे काढायचा रबरी कप छातीला लावला. रंगकाम बघणारा मेहुणा डबा खाता खाता थांबला.

"दाजी, हे काय?"

"गप बस! काम चाललंय." एक पंप, दोन पंप, पाच पंप! छाती खरंच वर येऊ लागली. उस्ताद हरखले. मग दुखायला लागलं म्हणून त्यांनी हवा सोडायचं बटण दाबलं, आणि त्यांना आठवलं की ते बटण वर्षभर बंद आहे. गाडीवरून कप काढायला ते कडेने लोखंडी पत्ती घालायचे. इथे पत्ती घालायची कुठे?

"ओढ!" ते ओरडले. मेहुण्याने ओढलं. कप नाही आला, उस्ताद आले! शेवटी वरून रेनकोट चढवून वरात दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी साबणाचं पाणी सोडून बोटाने कड उचलली. पक्!

"फासळी मोडली असती!" डॉक्टर कडाडले. "माझं शेवटचं वाक्य ऐकलंच नाहीत ना? काहीच न करणं हाही उपाय आहे!" पोचा होता तिथेच होता. भोवती मात्र बशीएवढं जांभळं वर्तुळ उमटलं होतं.

"दाजी, पोट बिघडलं म्हणून सांगा," मेहुणा म्हणाला.

"शब्द दिलाय मी पोरीला!"

रविवारी उस्तादांनी मन घट्ट करून शर्ट काढला. सगळ्या तलावाच्या नजरा वर्तुळावर! ते उडी मारून जिवाच्या आकांताने पोहले आणि शेवटून पहिले आले. लेकीने ओल्या अंगानेच त्यांना मिठी मारली. त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर येताच चार बाप जमले. "काय लागलं हो?" कपाचं सांगायचं? छे! त्यापेक्षा उस्तादांनी चाळीस वर्षं लपवलेल्या पोच्यावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात व्याख्यान सुरू केलं. "हा जन्मापासूनचा! यावर व्यायाम असतो, पट्टीचं ऑपरेशन असतं..."

सगळे पांगल्यावर त्यातला एक मागे राहिला. त्याने इकडेतिकडे बघून शर्टाची दोन बटणं सोडली. त्याच्याही छातीत तसाच पोचा! "साहेब, तुम्हाला यातलं बरंच कळतं. मी काय करू?"

उस्तादांनी टॉवेल छातीशी घट्ट धरला. "डॉक्टर सांगतील ते शेवटपर्यंत ऐका," ते म्हणाले. "शेवटचं वाक्य तर नक्की!"