वामन घडशीचा ओठ

अक्कलदाढ काढताना नस दुखावली आणि वामन घडशीच्या खालच्या ओठाची जाणीव डॉक्टर पेठ्यांच्या ओठात गेली. शपथेवर सांगतो, मी तेव्हा दवाखान्यातच होतो. म्हणजे बाहेरच्या बाकावर होतो. खरं तर घरीच होतो, पण वामन माझा शेजारी.

वामन सनई वाजवतो. सनईच्या तोंडाची पत्ती ओठावर कुठे बसली हेच कळेना, मग सूर कुठला लागायला! त्यात मुलीचं, शेवंताचं लग्न तोंडावर आलेलं, आणि त्यांच्या घरात मुलीला सासरी धाडताना सनई बापच वाजवतो. म्हणून त्यानं भरपाईच्या मंचाकडे दाद मागितली.

अध्यक्ष शेवडेबाईंनी पुरावा मागितला. वामननं कढईतून नुकताच काढलेला वडा ओठाला लावला. समोर बसलेले डॉक्टर "आई गं!" म्हणून उठले.

"नोंद घ्या," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या विमा कंपनीचे वकील उभे राहिले. "जाणीव नष्ट झालेली नाही, तिचं स्थलांतर झालंय. भरपाई नुकसानीची असते, स्थलांतराची नाही."

"मला पैसे नकोतच," वामन म्हणाला. "माझं आहे ते मला परत द्या."

"अहो वामनराव, द्यायला ती काय कवळी आहे?" डॉक्टर कळवळले. "विडी तुम्ही ओढता आणि चटके मला बसतात!"

"विडी सोडली मी, साहेब."

"सोडली? मग काल संध्याकाळी कोण ओढत होतं?"

वामननं खिशातलं विडीचं बंडल आणखी खाली दाबलं. त्याची बायको मागून म्हणाली, "बघा! मला म्हणे, देवाशपथ सोडली!"

बाईंनी याचीही नोंद घ्यायला लावली आणि निकाल दिला: जाणीव परत येईपर्यंत तक्रारदाराचा ओठ जिथे कामावर असेल, तिथे डॉक्टरांनी हजर राहावे.

पाठवणीच्या वेळी डॉक्टर मांडवात खुर्ची टाकून वामनसमोर बसले. वामननं सनई फुंकली. नुसती हवा. शेवंता गाडीत एक पाय ठेवून तशीच थांबली. व्याही घड्याळ बघू लागले.

"डावीकडे घ्या," डॉक्टर म्हणाले. "आणखी. आता जरा आत. अहो, एवढं दाबू नका, दुखतंय मला! हां. बसली!"

आणि सूर लागला. असा लागला की शेवंतानं हसत दुसरा पाय आत घेतला, व्याह्यांनी घड्याळावर बाही ओढली, आणि डॉक्टर ढसाढसा रडले.

हल्ली मुहूर्ताच्या दिवशी दवाखाना बंद असतो. सनईची सुपारी द्यायला येणारे नारळ दोन आणतात.

यातलं एकच मी पदरचं घातलंय. डॉक्टर रडले नव्हते. रडत वामन होता. डॉक्टर नुसते आपला कोरडा ओठ पुन्हा पुन्हा रुमालानं पुसत होते.