एका माणसाचा भात

सरकारने अन्न वाचवायची मोहीम काढली, तसा दर शुक्रवारी प्रत्येक घराची खरकट्याची बादली तोलली जाऊ लागली. आठवड्याला माणशी पाव किलो एवढीच मुभा. त्यापुढे लाल कार्ड, आणि तीन कार्डं झाली की घरी चौकशी. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या काकांच्या दारावर पंधरा दिवसांत दोन लाल कार्डं लागली. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाची ही शोभा जिन्यातल्या सगळ्यांनी येता-जाता पाहून घेतली.

चूक हाताची होती. बायकोने आजारपणात अंथरुणावरूनच त्यांना स्वयंपाक शिकवला होता. "दोन मुठी तांदूळ. एक तुमची, एक माझी." ती जाऊन चार महिने झाले, तरी हात पहिल्या मुठीवर थांबायला तयार नव्हता.

मुलाचा फोन आला. "बाबा, तिसरं कार्ड लागलं की मी न्यायला येतोय."

"अरे, भात उरला म्हणून कोणी घर सोडतं का?"

"आईशिवाय जमत नाहीये तुम्हाला. कबूल करा."

हे घर सोडणं काकांना शक्यच नव्हतं. तिची औषधाची बाटलीसुद्धा त्यांनी अजून खिडकीतून हलवली नव्हती.

त्यांनी उरलेला भात खालच्या शिवणकामवाल्या बाईंना नेऊन दिला. बाईंना नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी तो घेऊन आपल्या बादलीत टाकला, आणि शुक्रवारी लाल कार्ड बाईंच्या दारावर लागलं. मग काका वॉचमनकडे गेले. त्याने लांबूनच हात जोडले. "काका, चार घरांचा भात आधीच माझ्या पोटात आहे. आता दया करा!"

शेवटी दोन्ही वाटे काका स्वतःच खाऊ लागले. आठवडाभरात विजारीचं बटण तुटलं आणि छातीत जळजळ सुरू झाली.

डॉक्टर वैतागले. "दोन माणसांचं जेवताय की काय?"

"हो," काका म्हणाले.

नाइलाजाने त्यांनी माळ्यावरचा जुना तराजू काढला. एका माणसाचे तांदूळ तोलून वेगळे केले आणि डबा घट्ट लावून टाकला. आठवडाभर तसंच चाललं. शुक्रवारी बादली कोरडी ठणठणीत निघाली. तपासणीला आलेल्या मुलीने दारावर हिरवं कार्ड चिकटवलं.

"शाब्बास काका! जमलं की एकट्याला!"

काकांनी लगेच मुलाला फोन लावला. "येऊ नकोस. जमलं मला."

"खरंच?" मुलाचा आवाज हलका झाला. "बरं झालं, बाबा."

काका जेवायला बसले. सगळा भात ताटात आला होता, पातेल्यात शीतही नव्हतं. रोज तिच्या वाट्याचं झाकून ठेवायची सवय असलेला हात झाकणाकडे गेला आणि तसाच परत आला. मग त्यांना घास गिळेना. ते फार रडले.

ताट तसंच बादलीत रिकामं करून, जुन्या सवयीने त्यांनी बादली तोलली. एकशे ऐंशी ग्रॅम. पुढच्या शुक्रवारपर्यंत अजून सत्तर ग्रॅमची मुभा शिल्लक होती.