दोनदा नको, तिसऱ्यांदा हो

रायपूरच्या विमानतळावर, सगळ्यांच्या देखत, नरहरपंत पांढरीपांड्यांनी स्वतःच्या बायकोच्या बॅगेतून चिवड्याचा डबा बाहेर काढला. मग शंकरपाळे काढले. मग लिंबाच्या लोणच्याची बरणी, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी दोन बोटांत धरून, सगळ्या मंडळींना दाखवली.

"हे असं! हॉलंडला सांस्कृतिक आदानप्रदानासाठी चाललोय आपण, रामटेकच्या जत्रेला नाही. कोणाच्या बॅगेत काही खायचं असेल तर इथेच काढा."

"अवो, पण तिथं भूक लागली त?" पद्मिनीताईंनी विचारलं.

"लागणार नाही. मी आहे ना!"

नरहरपंत असल्याने भूक कशी काय लागणार नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. डबे निघाले. मराठी मंडळाचे अध्यक्ष श्यामराव निरोप द्यायला आले होते. त्यांनी तो सगळा फराळ जड अंतःकरणाने गाडीत ठेवून घेतला आणि घरी पोचायच्या आत अर्धा संपवला.

नरहरपंत नव्या रायपूरच्या मंत्रालयातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी एकच काम मन लावून केलं, दुसऱ्याच्या फायलीवर शेरा मारण्याचं. निवृत्तीनंतर फायली गेल्या, शेरे राहिले. त्यांच्या मते रायपूरच्या लोकांना वळण नव्हतं, नागपूरच्यांना आवाजावर ताबा नव्हता आणि पुण्याच्यांना हात सैल सोडता येत नव्हता. रीतभात जाणणारा माणूस एकच शिल्लक होता, आणि तो रोज सकाळी त्यांच्या आरशात दिसायचा.

अशा माणसाला रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद अजून मिळू नये, हे शल्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. त्या पदाची रीत ठरलेली. एकाने नाव सुचवायचं. ज्याचं नाव त्याने "नको, नको" करायचं. सभेने आग्रह करायचा, त्याने पुन्हा "नको" म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून खुर्चीवर बसायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही विद्या नरहरपंतांना मुखोद्गत होती, पण ती दाखवायची संधीच कोणी दिली नव्हती. आता दसऱ्याला श्यामराव पायउतार होणार होते आणि त्यांनी शब्द दिला होता, "दौरा नीट करून या, नाव मीच सुचवतो." खुर्ची आणि नरहरपंत यांच्यामध्ये आता फक्त हॉलंड उरलं होतं.

दौरा असा, की हॉलंडमधल्या एका छोट्या गावाने या मंडळाला बोलावलं होतं. गावकऱ्यांनी मिळून चालवलेली भाजीबाग, मोडक्या वस्तू दुरुस्त करून देणारी शेड, म्हाताऱ्यांसाठीचं स्वयंपाकघर असं सगळं बघायचं, आणि मोबदल्यात भुलाबाईची गाणी म्हणून दाखवायची. तिकीट आपलं, राहणं-खाणं त्यांचं. विमानात नरहरपंतांनी उभं राहून सूचना केली.

"आपली संस्कृती म्हणजे संयम. समोर काही आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा, फारच आग्रह झाला, तर घ्यायचं. हावरटासारखं हात पुढे करायचे नाहीत. विशेषतः तुम्ही, गुलाबराव."

गुलाबराव रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, रोलिंग मिलमध्ये भट्टीवर मुकादम होते. तिथे सूचना कानात ओरडून द्याव्या लागत, म्हणून त्यांचा साधा आवाजही मोठा होता. ते म्हणाले, "आन् तिसऱ्यांदा नाई विचारलं त?"

"विचारतात हो! माणसं आहेत ती!"

गावात उतरल्यावर हेनीबाई नावाच्या उंच, हसऱ्या बाईंनी सगळ्यांना घरी नेलं. टेबलावर सफरचंदाचा केक होता, अजून वाफ येत असलेला. हेनीबाईंनी पहिली बशी नरहरपंतांपुढे धरली. नरहरपंतांनी छातीवर हात ठेवून "नो, नो, थँक्यू" म्हटलं. मागून सगळ्यांनी, कवायतीत हात वर करावेत तसे, छातीवर हात ठेवले. हेनीबाई म्हणाल्या, "ओके," आणि केक उचलून आत घेऊन गेल्या.

मंडळी दाराकडे बघत राहिली.

"अंकल, वो तो सच में ले गई," मंजिरी म्हणाली. बँकेतली ही मुलगी मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची. तिचं इंग्रजी चांगलं म्हणून तिला दुभाषी म्हणून आणलं होतं.

"येतील, येतील. दुसऱ्यांदा आणतील," नरहरपंत म्हणाले.

हेनीबाई परत आल्या त्या गावाचा नकाशा घेऊन. संध्याकाळच्या सूपचंही तेच झालं, ब्रेडचंही. उकडलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं गुलाबरावांच्या नाकाखालून गेलं तेव्हा त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो भट्टीजवळही कोणी ऐकला नसेल. शेवटी हेनीबाईंनाच चिंता वाटली. त्यांनी विचारलं, "आमचं जेवण तुम्हाला आवडत नाही का?"

इथे एक साधं वाक्य बोलायचं होतं, की बाई, आम्हाला भूक लागली आहे, वाढा. पण पडलं तरी नाक वर ठेवणाऱ्या माणसाला साधं वाक्य कुठून सुचणार? नरहरपंतांनी घसा साफ केला. "मंजिरी, त्यांना सांग, कमी खाणं हा आमचा संस्कार आहे. आमच्यात जो जेवढा मोठा, तो तेवढा कमी जेवतो."

मंजिरीने नाइलाजाने सांगितलं. हेनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच फोन उचलला आणि ज्या-ज्या ठिकाणी पाहुणे जाणार होते तिथे कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाजीबागेत पाहुण्यांसाठी मांडलेलं जेवणाचं टेबल, त्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून, आधीच उचललेलं होतं. मंडळींनी गाजरं बघितली, मुळे बघितले, आणि ते मातीत कसे वाढतात यावर भाषण ऐकलं. दुरुस्तीच्या शेडमध्ये त्यांना किटली दुरुस्त करून दाखवली आणि खात्री पटावी म्हणून उकळलेलं पाणी प्यायला दिलं. म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात तर कळसच झाला. अन्नाचा मोह नसलेली माणसं म्हणून वाढपाचं काम यांच्याकडेच दिलं. गुलाबराव हातात पळी घेऊन डच म्हाताऱ्यांना वाटाण्याचं सूप वाढत होते आणि प्रत्येक वाडग्याकडे निरोप दिल्यासारखे बघत होते.

"पंत, पोटात कावळे नाई, गिधाडं ओरडून राहिले," ते म्हणाले.

"जरा दम धरा. आपण इथे देशाचं नाव घेऊन आलोय!"

"देश जेवते न जी! आपणच काहून उपाशी?"

नरहरपंतांनी जवळच्या खुर्चीचा आधार घेतला, कारण त्यांना चक्कर येत होती.

त्यानंतर मात्र त्यांना एक गोष्ट खटकू लागली. मंडळी तक्रार करेनाशी झाली. भुलाबाईच्या गाण्यांना आवाज चढू लागला. गुलाबराव तर चक्क शीळ घालत होते. संयम अंगी बाणला म्हणून नरहरपंतांनी सगळ्यांचं कौतुकही केलं, आणि एका सकाळी पाणी प्यायला म्हणून ते हेनीबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे पद्मिनीताई, गुलाबराव, मंजिरी आणि बाकी झाडून सगळी मंडळी टेबलाभोवती बसून पॅनकेकवर तुटून पडली होती.

"हे काय?" नरहरपंत किंचाळले.

"नाश्ता," पद्मिनीताई म्हणाल्या. "परवा मी बाईले म्हटलं, मले भूक लागली. तिनं वाढलं. इतकं सोपं हाये, अवो! हो म्हटलं की वाढतात, नको म्हटलं की उचलतात. उगाच कोणी कोणाच्या मनातलं वळखत बसत नाई."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमाले विचारलं होतं न काल, की काही खाता का म्हणून. तुम्ही नको म्हणाले."

हेनीबाईंनी नरहरपंतांना बघून झटकन पॅनकेकची थाळी झाकली. मोठ्या माणसाचं व्रत आपल्यामुळे मोडू नये, एवढा त्या बाईंचा शुद्ध हेतू होता. नरहरपंत पाणी पिऊन बाहेर आले. एका आग्रहाचा प्रश्न होता. एकाने जरी हात धरून बसवलं असतं, तर त्यांनी सगळी थाळी संपवली असती.

निरोपाच्या जेवणाला सगळं गाव जमलं. चीज होतं, भाजलेल्या भाज्या होत्या, गोडाचे तीन प्रकार होते. मंडळी हात पुढे करून, दात काढून, "यस, यस" करत जेवली. मधोमध नरहरपंतांसाठी खास खुर्ची होती. त्यांच्यापुढे एक स्वच्छ रिकामी बशी, तिच्याभोवती फुलं. सगळं गाव त्यांच्या सन्मानार्थ उभं राहिलं आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिलं. नरहरपंतांनी हात जोडले. भुकेने मान आपोआप खाली गेली, त्याचाही लोकांनी चांगलाच अर्थ घेतला.

ते परत आले ते पँट पट्ट्याने आवळूनच. पण वजन गेलं तरी खुर्ची होती. दसऱ्याच्या सभेला त्यांनी नवा कुर्ता घातला आणि वाटेत, दुचाकीवर, आभाराचं भाषण मनात म्हणून घेतलं.

सभेत श्यामराव शब्दाला जागले. "आपल्या मंडळाची कीर्ती सातासमुद्रापार नेणारे नरहरपंत! त्यांनी अध्यक्ष व्हावं, असं मी सुचवतो."

नरहरपंतांनी उठून छातीवर हात ठेवला. किती वर्षं घोकलेलं वाक्य! "नको, नको. माझ्याहून मोठी माणसं आहेत."

त्यांनी डोळे मिटले आणि आग्रहाची वाट बघितली.

"बरं," गुलाबराव म्हणाले.

नरहरपंतांनी डोळे उघडले. श्यामरावांनी गडबडून आग्रहासाठी तोंड उघडलं होतं, पण गुलाबरावांचा आवाज भट्टीवर कमावलेला होता. "अध्यक्ष, जबरदस्ती नोका करू. माणूस नको म्हणते, त त्याले नको असते. हॉलंडले जाऊन आम्ही हेच शिकून आलो. नाई त आदानप्रदान कायचं झालं?"

"बिलकुल सही," मंजिरी म्हणाली. हॉलंडला गेलेली सगळी रांग माना डोलवू लागली.

"तसं नाही, म्हणजे, सभेची आज्ञाच असेल तर..." नरहरपंत म्हणाले, पण ते तिसऱ्या वेळचं वाक्य होतं आणि मधली वेळ आलीच नव्हती, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

श्यामरावांनी घाम पुसला. "मग दुसरं नाव?"

"पद्मिनीवहिनी," गुलाबराव म्हणाले. "काहो वहिनी, होता का अध्यक्ष?"

"हव," पद्मिनीताई म्हणाल्या. "होतो न. काहून नाई?"

टाळ्या पडल्या. आधी जरा बिचकत, मग जोरात. मंडळाच्या इतिहासात एवढ्या लवकर अध्यक्ष कधी बसला नव्हता, आणि पोहे अजून गरम होते. नव्या अध्यक्षबाईंनी पदर खोचला, तबक स्वतः हातात घेतलं आणि रांगेने वाढत निघाल्या. नरहरपंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तबक त्यांच्यापाशी थांबलं. पोह्यांवर लालभडक तर्री होती, वर शेव होती.

"घेता का पोहे?"

नरहरपंत रागाने फणफणत होते. रुसलेल्या माणसाला दोन वेळा तरी विचारतात, निदान घरचं माणूस तरी विचारतं. त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, "नको."

"बरं," पद्मिनीताई म्हणाल्या, आणि तबक पुढे गुलाबरावांकडे गेलं.