कातळेवाडीच्या फोनची पहिली घंटी

ज्या वस्तूचं उद्घाटन झालेलं नाही, ती वस्तू अस्तित्वात नसते. एवढं एक तत्त्व मनाशी पक्कं धरलं की सरकारी कामातला निम्मा मनस्ताप वाचतो. पूल बांधून तयार असला तरी फीत कापेपर्यंत लोकांनी नदीतूनच जायचं असतं, आणि समजूतदार लोक तसे जातातही.

कोल्हापूर जिल्ह्यातली आरोग्यकेंद्रं शहरातल्या इस्पितळाशी टेलिफोनने जोडायची असं चौऱ्याहत्तर साली ठरलं. त्याआधी गगनबावड्याकडच्या खेड्यात कुणाला साप चावला, तर निरोप घेऊन माणूस एसटीने शहरात यायचा. एसटी चुकली तर साप चावलेल्याने जरा थांबून घ्यायचं. (बहुतेकांना तेवढी सवड नसे.) या लोकांची अधीर वृत्ती ध्यानात घेऊन आरोग्य संदेशवहन नियोजन समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी गणपतराव. ते निवृत्त बांधकाम अधिकारी. त्यांना फोनवर बोलायची भीती वाटे, म्हणून या विषयात त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा मिळणं शक्य नव्हतं.

समिती कामाला लागली. आधी अभ्यासदौरा झाला. राजारामपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात फोन होता, तो पाहायला सगळे रिक्षाने गेले. फोनच्या डायलला बारकं कुलूप होतं आणि वर क्रोशाचा रुमाल. त्यावरून असा निष्कर्ष निघाला की फोन टिकवायचा असेल तर तो झाकून ठेवावा, कुलपात ठेवावा आणि शक्यतो त्यावर बोलू नये. मग कचेरीच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लागला, टाचण्या टोचल्या गेल्या, आणि तांबड्या लोकरीने सगळ्या केंद्रांचं जाळं विणून झालं. कातळेवाडी हे गाव नेमकं खिडकीच्या कडीआड येत होतं. ते चार बोटं खाली सरकवलं. गावाने तक्रार केली नाही. सभांचा साठ टक्के वेळ टेबल कुठल्या लाकडाचं असावं यात गेला, तीस टक्के फितीच्या रंगात, आणि राहिलेल्या दहा टक्क्यांत चहा आणि तारा उरकल्या.

तरीही (हे मला मुद्दाम नोंदवलं पाहिजे) काम झालं. खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या. कातळेवाडीच्या केंद्रात हँडल फिरवायचा काळाभोर फोन आला. इकडे हँडल फिरवलं की तिकडे इस्पितळात घंटी वाजणार, मध्ये कुणी नाही. तार जोडणाऱ्या दोघांनी दोन टोकांना उभं राहून "येतंय का?" "येतंय की" एवढं बोलून घेतलं आणि संभाषण समाधानकारक असल्याचा शेरा पडला. मग दोन्ही टोकांच्या फोनवर रुमाल पडले, टेबलांना गुलाबी साटीनची फीत बांधली गेली, आणि हुकूम निघाला की प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत फोन कुणी वापरू नये. पाहुणे पाऊस उघडल्यावर येणार होते. महिना आषाढाचा होता.

अशा वेळी रशिदाला कळा सुरू व्हाव्यात, हा नियोजनाचा दोष म्हणता येणार नाही.

रशिदा ही कातळेवाडीतल्या खैरुनबीची सून. पहिलीच खेप. केंद्रातल्या नर्स त्रिशलाबाईंनी पोटाला हात लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळ आडवं होतं. आडवं बाळ शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही, आणि शस्त्रक्रिया शहरात. केंद्राचे डॉक्टर उद्घाटनाची तारीख पक्की करायला कोल्हापूरला गेलेले. दुपारची एसटी आली नव्हती. इस्पितळाची गाडी मात्र शहरात दारातच उभी असायची. ती लगेच निघाली, तर रस्त्यावर पाणी चढायच्या आत येऊन परत जाऊ शकली असती. त्यासाठी फक्त तिला कुणीतरी कळवायला हवं होतं.

फोनपाशी शिपाई सयाजी बसला होता. खैरुनबी त्याच्यासमोर उभी राहिली.

"चाची, पावणं आल्याबिगर हात लावायचा हुकूम न्हाय," सयाजी म्हणाला.

"पावणं कवा येनार?"

"पाऊस उघडल्यावर."

"माझी सून थांबंल रं. प्वार थांबंल व्हय?"

सयाजी वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज लिहून द्यायला सुचवलं. अर्ज तो स्वतः शहरात नेणार होता, एसटी आली की. आतून रशिदाचा आवाज येत होता. (ज्यांनी कळा काढल्या आहेत त्यांना तो सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही.)

मग खैरुनबी खुर्चीवर बसली. "मीच हाय की पावणी," ती म्हणाली. "म्हायेर माझं गडमुडशिंगी. हितली न्हाय मी."

सयाजीने हुकूम पुन्हा वाचला. पाहुणे बाहेरगावचे असावेत, त्यांना नारळ द्यावा, खांद्यावर शाल घालावी, असं होतं. पाहुणे कोण, ते कुठेच नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. देवापुढचा नारळ आणून त्याने तो खैरुनबीच्या हातात दिला. शाल नव्हती, म्हणून त्रिशलाबाईंनी बाळासाठी शिवून आणलेलं दुपटं तिच्या खांद्यावर टाकलं. नाळ कापायला उकळून ठेवलेल्या कात्रीने खैरुनबीने फीत कापली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तेवढी एक उणीव राहिली. त्रिशलाबाईंनी हँडल फिरवलं.

इकडे इस्पितळाच्या व्हरांड्यात घंटी वाजली.

काय खणखणीत वाजली! गणपतराव आणि कातळेवाडीचे डॉक्टर हार किती लांबीचे असावेत ते ठरवत तिथेच उभे होते. गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या गावचा फोन," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. बघता बघता व्हरांडा भरला. मागून कुणीतरी म्हणालं, उचला की. गणपतरावांनी हात वर केला.

"उचलून कसं चालेल? या टोकाचं उद्घाटन व्हायचंय. आणि त्या टोकाचं झालंय की नाही, ते आधी विचारून घ्या."

विचारण्याचं साधन एकच होतं, आणि ते वाजत होतं. तिकडे त्रिशलाबाईंचा हात भरून आला तेव्हा खैरुनबीने हँडल घेतलं. इकडे लोक ऐकत राहिले. अखेर घंटी थांबली. घंटी उत्तम असून ती थांबण्याचीही व्यवस्था चांगली आहे, अशी नोंद झाली.

रशिदाला त्रिशलाबाईंनी लाकडं वाहणाऱ्या लॉरीतून शहरात आणलं. रस्त्यावर पाणी होतंच. लॉरी फार सावकाश आली. रशिदा वाचली. मुलगी होती. डोक्यावर दाट काळं जावळ, कानांच्या पाळ्या गुलाबी, मुठी मिटलेल्या. ती रडली नाही. त्रिशलाबाईंनी तिला त्या दुपट्यात गुंडाळलं आणि रशिदाला थोडा वेळ धरू दिलं.

पाऊस उघडल्यावर उद्घाटन थाटात पार पडलं. कातळेवाडीची फीत आधीच कापलेली निघाल्याने सयाजीला ताकीद मिळाली. पाहुण्यांनी कातळेवाडीहून फोनमध्ये विचारलं, "तिकडे सर्वांची प्रकृती कशी आहे?" इस्पितळातून गणपतरावांनी, भीती गिळून, उत्तर दिलं, "उत्तम." रशिदा केंद्राच्या पायरीवर बसली होती. तिने पदर घट्ट ओढून घेतला. तिला अजून पान्हा येत होता.

या सगळ्यात गणपतरावांना दोष देणं फार सोपं आहे, आणि तुम्ही तो मघापासून देतही आहात. पण मना करणारे ते एकटेच होते. व्हरांडा भरलेला होता. त्या दिवशी तिथे असलेल्या बऱ्याच जणांना मी विचारलं. एकजण पट्टी बदलायला आला होता, एकजण मेव्हण्याला बघायला. आमचा काय संबंध, असं सगळेच म्हणाले, आणि ते खरंच आहे. तुम्हीही त्या दिवशी कुणाचा तरी डबा घेऊन आला होता. गर्दीत पुढेच होता, टेबलाला लागून. डबा डाव्या हातात होता.

उजवा रिकामा होता.