नाव ऐकलेलं कॉलेज

डॉक्टर होण्यासाठी बुद्धी लागते आणि चिकाटी लागते. पण परदेशात जाऊन डॉक्टर व्हायचं असेल तर त्याआधी नातेवाईक लागतात. आमच्या भाचीकडे पहिल्या दोन गोष्टी होत्याच. तिसरी आम्ही तिला कमी पडू दिली नाही.

इथली प्रवेशपरीक्षा तिची थोडक्यात हुकली, तेव्हा बाहेरच्या कोणत्या वैद्यकीय कॉलेजांकडे अर्ज करायचे हे ठरवण्यासाठी भावोजींच्या बैठकीच्या खोलीत एक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष मुलीची आत्या (आवाजाच्या ज्येष्ठतेनुसार). तज्ज्ञ सल्लागार शेजारचे निवृत्त साहेब. नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, पण त्यांचं एकदा ॲपेंडिक्स काढलेलं आहे. चिटणीस मी, मुलीचा सख्खा मामा, कारण पेन माझ्याकडे होतं. भावोजी चष्म्याचं दुकान चालवतात. खर्च तेच करणार असल्यामुळे त्यांना मताचा अधिकार ठेवला नव्हता.

उमेदवार दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की, कॉलेज परदेशी मुलांना घेतं का, ते आधी बघा. मुद्दा चांगला होता. मी तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात सर्वांत खाली टिपून घेतला.

मग निकष ठरले. पहिला नावाचा. आत्याने तिथल्या तिथे चार मैत्रिणींना फोन लावले. ज्या नावावर पलीकडून "अगबाई" आलं ते पुढच्या फेरीत, ज्यावर "म्हणजे कुठे गं?" आलं ते बाद. दुसरा इमारतीचा. घड्याळाचा मनोरा असलेल्या इमारतीत शरीरशास्त्र जास्त पक्कं होतं, असा साहेबांचा अभ्यास आहे. हिरवळीला वेगळे गुण. हिरवळीवर कोणी पुस्तक घेऊन हसत असेल तर आणखी दोन. तिसरा आधाराचा. आत्याच्या नणंदेच्या जावेचा मुलगा जिथून सहा तासांवर राहतो, त्या कॉलेजाला झुकतं माप मिळालं. (मुलाला याची कल्पना नव्हती.) भाचीला सर्दी होते म्हणून थंड गावं वगळली आणि उकाड्यात साथी पसरतात म्हणून गरम गावंही वगळली. शिकवतात कसं, हाही निकष कोणीतरी सुचवला, पण शिकवतात सगळीकडेच, म्हणून तो सोडून दिला.

भाचीने स्वतःही एक कॉलेज शोधून आणलं होतं. तिथे बाहेरच्या मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या होत्या, तिथली पदवी आपल्याकडे चालत होती आणि पहिल्याच वर्षापासून मुलांना रुग्णांजवळ उभं करत होते. समितीने या कॉलेजाचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. पण नाव उच्चारताना साहेबांची कवळी हलली, आत्याच्या चारही मैत्रिणी "म्हणजे कुठे गं?" म्हणाल्या, आणि संकेतस्थळावर मनोऱ्याऐवजी एक मुलगी एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुताना दिसत होती. एवढा खर्च करून पोरीने हे करायचं का, असं आत्याने विचारलं. कॉलेज बाद झालं.

भाचीने वडिलांकडे पाहिलं. गिऱ्हाईक दारातून डोळे बारीक करत आलं की भावोजी त्याचा नंबर ओळखतात, पण त्या वेळी ते स्वतःचाच चष्मा पुसत राहिले. नंतर जिन्यात मला म्हणाले, "नाव ऐकलेलं असलं ना, की लोक पुढे काही विचारत नाहीत. मला उत्तरं देता येत नाहीत रे." मला त्यांचं फार वाईट वाटलं. इतिवृत्तात घेण्यासारखं ते नव्हतं.

सात अर्ज गेले. सातही कॉलेजांची उत्तरं आली. प्रतिसाद शंभर टक्के, याची समितीने समाधानपूर्वक नोंद घेतली. पाच कॉलेजं परदेशी मुलांना घेतच नाहीत. सहावं घेतं, पण आधी त्याच देशात दुसरी एक पदवी काढून या म्हणालं. सातवं मात्र तिला आनंदाने घ्यायला तयार होतं. ते पशुवैद्यकीय होतं. (मनोरा त्याचाच सर्वांत उंच.)

'आयत्या वेळचे विषय' तातडीने वर घेण्यात आले. तेव्हा भाची म्हणाली की, त्या बाद कॉलेजाकडे तिने तेव्हाच अर्ज केला होता आणि तिथे तिला प्रवेश मिळाला आहे. अर्जावर वडिलांची सही होती. सगळे भावोजींकडे वळले. या वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

"नाव मलाही नीट म्हणता येत नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर सांगेन, पोरगी जखमा धुवायला शिकायला गेलीय."

 मग अचूक निवडीबद्दल समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत केला. मीही हात वर केला.

इतिवृत्तात कॉलेजाचं नाव तेवढं लिहायचं राहिलं. इथेही राहिलं. तुम्ही आत्याच्या मैत्रिणींना हसलात, साहेबांना हसलात, आणि तरी मघापासून तुमच्या मनात एकच प्रश्न आहे: कॉलेज कुठलं? सांगतो. त्याआधी तुम्ही मला एक सांगा. तुमच्या डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतीवर जे प्रमाणपत्र लावलेलं आहे, ज्याच्यासमोर तुम्ही इतकी वर्षं जीभ बाहेर काढून बसत आला आहात, त्यावर कुठल्या कॉलेजाचं नाव आहे?

आठवलं की कळवा. मग मीही सांगेन.