वाढीव वॉरंटीचं गाऱ्हाणं

गुरुदासने जुनी गाडी घेतली ती नीट विचार करून, आणि तिची वाढीव वॉरंटी घेतली नाही ती त्याहून जास्त विचार करून. हा दुसरा विचार खरं तर त्याची बायको किशोरी हिने केला होता, पण पेंडूर गावभर सांगताना गुरुदास तो स्वतःच्या नावावर खपवत असे.

कुडाळच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये केव्हिन नावाच्या तरुण विक्रेत्याने दोघांना कोकम सरबत दिलं होतं. बाजारात भेटला असता तर तो मालवणीतच बोलला असता, पण गळ्यात टाय असल्यामुळे त्याला शुद्ध मराठीत बोलावं लागत होतं.

"मॅडम, जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही. वाढीव वॉरंटी घेऊन टाका आणि निर्धास्त राहा."

"त्येच्यात काय काय येता?" किशोरीने विचारलं.

"सगळं येतं. फक्त टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, वायपर आणि वापरून वापरून जे जे झिजतं, तेवढं येत नाही."

"म्हणजे मोडतला ता सोडून सगळा." किशोरीने सरबत संपवून पेला खाली ठेवला. "आणि माका एक सांग रे. गाडी बंद पडतली असा तुका वाटता, तर ती आमका इकतंस कित्याक? आणि पडूची नाय असा वाटता, तर वॉरंटी कित्याक व्हयी?"

केव्हिनने इकडेतिकडे बघून टाय सैल केला, आणि टायबरोबर भाषाही सैल झाली. "वयनी, खरा सांगू? माका पण तसाच वाटता. पण पुण्यासून एक चेडू फोन करतली. तिका सरळ नको म्हणान सांगा. फोन रेकॉर्ड जाता, काय?"

वॉरंटीचे वाचलेले पैसे कुठे जाणार हे ठरलेलं होतं. किशोरी घराच्या पडवीत पर्यटकांना मासळीचं जेवण देत असे. पण मासळी ठेवायला जागा नसल्यामुळे दुपारनंतर आलेल्या माणसांना तिला हात जोडून परत पाठवावं लागे, आणि ती माणसं समोरच्या ढाब्यात जाऊन पनीर खात. मालवणात येऊन माणूस पनीर खातो हे किशोरीला बघवत नसे. दिवाळीचा हंगाम सुरू व्हायच्या आत डीप फ्रीझर घ्यायचा, ही तिची एकच अट होती, आणि ती गुरुदासने देवासमोर मान्य केली होती.

गाडी दारात आली त्या सकाळी लवू गावकार गाऱ्हाणं घालायला आले. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडचा देवाशी तोंडी करार. एकाने देवाला खड्या आवाजात सगळं मागायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागण्याचा मान लवूंचा होता, आणि "व्हय म्हाराजा"चा पहिला आवाज गुरुदासच्या वडिलांचा. त्यांना सगळे भाई म्हणत. कळायला लागल्यापासून भाईंनी गावातलं एकही गाऱ्हाणं चुकवलं नव्हतं, आणि त्यांच्या आवाजाने माडावरचे कावळे उडत.

गाऱ्हाणं झालं आणि गाडी पहिल्या फेरीला निघाली. भाई धोतर सावरून पुढच्या दाराकडे गेले होते. पुढच्या सीटवर बसून शेजारच्या कट्टा गावच्या बाजारातून जायचं आणि ओळखीच्यांकडे बघून फक्त मान हलवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"भाई, तुमी फुडच्या खेपेक," गुरुदास म्हणाला. "आज लवू गावकाराक फुडे बसवूक व्हया."

गाडी गेली. मागे राहिले भाई आणि पडवीत चार्जिंगला लावलेला गुरुदासचा फोन. तो वाजला.

"नमस्कार, मी पुण्याहून तेजस्वी बोलतेय. हा कॉल रेकॉर्ड होतोय. आपण नुकत्याच घेतलेल्या वाहनाला प्रवासात कोणतीही अडचण येऊ नये, इंजिनात बिघाड होऊ नये, झाल्यास त्याचं त्वरित निवारण व्हावं, आणि आपला सर्व परिवार सुखरूप राहावा, अशी आपली इच्छा आहे ना?"

एवढं बोलून तेजस्वी श्वास घ्यायला थांबली. आता भाईंची यात काय चूक? सकाळचं गाऱ्हाणं अजून त्यांच्या कानात होतं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

"मी गुरुदास सरांशीच बोलतेय ना?"

एकदा लय लागली की मध्ये थांबता येत नाही. "व्हय म्हाराजा."

"त्यासाठी आपल्या खात्यातून रक्कम वळती करण्यास आपली संमती आहे?"

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले, आणि परसातलं जास्वंदीचं एक फूल आणून त्यांनी फोनवर वाहिलं.

गुरुदास परतला तेव्हा त्या फुलाखाली मेसेज आलेला होता. अभिनंदन, आपली वाढीव वॉरंटी मंजूर झाली असून सोमवारी रक्कम कापली जाईल. किशोरीने तो दोनदा वाचला.

"भाई, कोणाचो फोन इल्लो?"

"नाव इचारूक नाय. पण त्या चेडवान गाऱ्हाणा काय घातल्यान, सांगतंय तुका. लवूक पण तसा येवचा नाय."

त्या दुपारी किशोरीने बापलेकांना कुळथाची पिठी वाढली आणि तळलेले बांगडे शेजारी पाठवून दिले. बोलली काहीच नाही. गुरुदासला ती बोलते तेव्हा भीती वाटते, आणि बोलत नाही तेव्हा जास्त वाटते, म्हणून त्याने हात धुऊन लगेच पुण्याला फोन लावला.

"नमस्कार. मी गुरुदास बोलतोय. मला ती वॉरंटी नको आहे."

"एक मिनिट सर, आवाज पडताळते." तेजस्वी परत आली. "सॉरी सर, आवाज जुळत नाही. आमच्याकडचे गुरुदास सर वयाने मोठे आहेत. आणि फार नम्र आहेत. मला महाराजा म्हणतात."

"ते माझे वडील."

"अच्छा, म्हणजे गुरुदास सर तुमचे वडील."

"नाही हो. गुरुदास मी. वडील भाई."

"म्हणजे भाई सरांनी रेकॉर्डवर खोटं सांगितलं?"

"नाही नाही. भाई आयुष्यात खोटं बोललेले नाहीत."

"मग तेच गुरुदास सर आहेत," तेजस्वी म्हणाली. "रद्द करायचं असेल तर त्यांना फोन द्या." यात चूक काढायला गुरुदासने बराच वेळ घालवला, पण सापडली नाही.

मग भाईंची शिकवणी सुरू झाली.

"तिना काय इचारल्यान तरी नको म्हणायचा," गुरुदास म्हणाला.

"गाऱ्हाण्यात खंय नाय म्हणतत काय रे? आजवर माझ्या तोंडातसून नाय इला नाय."

"ती देव नाय भाई, कंपनी आसा."

"पण मागता ता बराच मां? इंजिन बरा रवांदे, माणसा सुखरूप रवांदे. तेका नाय कसा म्हणू? गाडी तुझीच मां?"

किशोरीने तेजस्वी होऊन दाखवलं. "वॉरंटी व्हयी काय?" असं तिने रोखठोक विचारलं की भाई रोखठोक "नको" म्हणत. हे जमल्यावर दोघांचा जीव भांड्यात पडला आणि फोन लागला.

"गुरुदास सर, आपल्याला आपला प्लॅन रद्द करायचा आहे का?"

"व्हय म्हाराजा."

गुरुदासने आनंदाने मांडीवर थाप मारली. ती थोडी घाईने मारली गेली, कारण तेजस्वीचं अजून संपलं नव्हतं. "रद्द करण्यापूर्वी आमची गोल्ड योजना ऐकून घ्याल ना सर? आपलं वाहन घाटात अडकलं, पुरात सापडलं, परमुलखात बंद पडलं, तर ते धक्का न लागता आपल्या दारी सुखरूप यावं, असं आपल्याला वाटतं ना?"

परमुलूख हा गाऱ्हाण्यातलाच शब्द आल्यावर भाईंचे डोळे आपोआप मिटले. गुरुदासने झडप घालून त्यांच्या तोंडावर तळहात दाबला. बोटांच्या फटीतून "व्हय म्हाराजा" नीट ऐकू गेलं. गोल्डनंतर प्लॅटिनम आलं. त्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या तर त्याचंही निवारण होतं.

"फटकी इली त्या वॉरंटीक," असा अस्सल मालवणी शाप देत किशोरी मागून किंचाळली.

पलीकडे फुस्सकन कोणीतरी हसलं. "बरां," तेजस्वी म्हणाली आणि गडबडीने सावरली. "म्हणजे, बरं सर. धन्यवाद."

आता फ्रीझर सोडा, फ्रीझरचा खोकासुद्धा घरी येण्याची आशा उरली नाही. किशोरी चुलीजवळ जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून भाईंना फार वाईट वाटलं. सुनेने कधी स्वतःसाठी काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"माझ्या ह्या तोंडान तुझो फ्रीझर घालवल्यान गो," ते म्हणाले.

किशोरीने पदराने डोळे पुसले आणि तशीच थांबली. "भाई, ती पोरगी आपल्या हयची आसा. आता 'बरां' म्हणाली ती."

"मगे?"

"मगे काय? आजवर तिना गाऱ्हाणा घातल्यान आणि तुमी व्हय म्हटलास. आता तुमी घाला. बघूया ती काय म्हणता."

भाई घाबरले. जन्मभर त्यांनी उत्तरं दिली होती, मागितलं कधी नव्हतं. "मान लवूचो आसा गो. तो काय म्हणात?"

"तो फुडच्या सीटीर बसान फिरान इलो. आता तेना काय एक बोलूचा नाय."

हा मुद्दा भाईंना पूर्ण पटला. त्यांनी आंघोळ केली, खांद्यावर पंचा घेतला, पाटावर फोन ठेवला आणि फोनसमोर नारळ. तेजस्वीने नमस्कार म्हणायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"बा म्हाराजा, पुण्यात बसान जो कोण ही कंपनी चालवता, त्या धन्याक आज ह्या पेंडूरच्या लेकरांचा गाऱ्हाणा. ह्या घरच्या सुनेन फ्रीझरासाठी जो काय पैसो जमवलेलो आसा, तो जंयच्या थंय रवांदे. गळ्यात पडलेली वॉरंटी निघान जावंदे. चुकान व्हय म्हटला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा."

आणि ते श्वास घ्यायला थांबले.

गुरुदासने किशोरीकडे पाहिलं. मग पलीकडून एक बारीक आवाज आला, मालकिणीला न विचारता बाहेर पडल्यासारखा.

"व्हय म्हाराजा."

त्याच्या मागून आणखी चार-पाच आवाज आले. कानाला हेडफोन लावून पुण्यात बसलेली अर्धी खोली कणकवली आणि वैभववाडीकडची असावी.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. किशोरी हातवारे करून तेच सांगत होती. पण भाईंना आयुष्यात पहिल्यांदा मागायला मिळालं होतं, आणि समोरून व्हय म्हणणारे होते.

"तशीच ही गाडी. तिचा टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, वायपर, जा झिजता आणि जा झिजना नाय, ता खंयय वाटेत बंद पडला, तर हाकेसरशी धावान ये आणि फुकटात उभा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," खोली म्हणाली. या वेळी आवाज चांगलाच लागला होता.

मग तेजस्वी भानावर आली. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "ह्यो कॉल रेकॉर्ड जाता."

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले आणि त्यांनी नारळ फोडला.

पुण्यात पुढे काय झालं ते पेंडूरला कळलं नाही. पण रेकॉर्डवर आहे ते खरं, हे कंपनीचं धोरण होतं, आणि त्यातून कंपनीलाही सुटका नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन मेसेज आले. पहिल्यात प्लॅन रद्द झाला होता, पैसे कापले जाणार नव्हते. दुसऱ्यात, कंपनीने रेकॉर्डवर दिलेल्या संमतीनुसार, गुरुदास सरांची गाडी टायर-वायपरसकट विनामूल्य संरक्षित झाली होती.

दिवाळीच्या आत फ्रीझर आला. कुडाळहून तो टेम्पोत पुढे आणि मागून गाडीत गुरुदास आणि किशोरी. कसाल सोडलं आणि गाडीने दोन आचके देऊन रस्त्याच्या कडेला अंग टाकलं. क्लच गेला होता.

गुरुदासने मोठ्या तोऱ्यात फोन लावला. "मी गुरुदास बोलतोय. गाडी बंद पडली आहे."

"सॉरी सर," तेजस्वी म्हणाली. "आवाज जुळत नाही."

शेवटी भाईंना निरोप गेला. ते रिक्षातून पंचा घेऊन उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि कसालच्या वाहतुकीच्या साक्षीने फोनवर गाऱ्हाणं घातलं. रिक्षावाल्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं, थांबलेल्या एसटीतल्या चार माणसांनी म्हटलं, आणि थोड्या वेळाने कंपनीची व्हॅन आली. गाडी चालू झाली तेव्हा भाईंनी कोणाला न विचारता पुढचं दार उघडलं आणि आत बसले. किशोरी मुकाट्याने मागे बसली.

तेव्हापासून गाडी भाईंशिवाय हलत नाही. फ्रीझरमध्ये सुरमई असते, ढाब्यातलं पनीर पडून राहतं, आणि कट्ट्याच्या बाजारातून भाई मान हलवत जातात. परवा तिठ्यावर निलेश मास्तरांनी गाडी थांबवली. त्यांनाही जुनी गाडी घ्यायची होती.

"काय रे गुरुदास, तुका अनुभव आसा म्हणान इचारतंय. जुन्या गाडीक ही वाढीव वॉरंटी घेवक व्हयी काय?"

गुरुदासने नको म्हणायला तोंड उघडलं. पण मास्तर श्वास घ्यायला थांबले होते, आणि पुढच्या सीटवर भाईंनी आधीच डोळे मिटले होते.

"व्हय म्हाराजा."